शेळीकड्याखालचं वळण

कासियानने फावडं आडवं धरलं आणि स्कीच्या शर्यतीतल्या गेटच्या, म्हणजे वळणाची खूण म्हणून रोवलेल्या काठ्यांच्या मुळाशी साचलेला बर्फाचा भुगा उताराबाहेर लोटला. तेवढ्यात खालून लाऊडस्पीकर खाकरला आणि ओबरटान गावातल्या साऱ्या गायींच्या घंटा एकदम वाजायला लागल्या. घंटा माणसांच्या हातात होत्या; गायी मार्चमध्ये गोठ्यातच असतात. पहिली फेरी संपली होती आणि त्याची मुलगी व्हेरेना दुसरी होती.

कासियानने फावडं बर्फात रोवलं. असं काही ठरलेलं नव्हतं.

ठरलं होतं ते वेगळंच. आजची शर्यत व्हेरेनाची शेवटची. या खोऱ्यात निरोपाची एक रीत आहे. दुसऱ्या फेरीत शर्यतीचा घट्ट पोशाख घालायचाच नाही. गावात लग्नाकार्याला घालतात तो झगा घालायचा, कमरेला एप्रन बांधायचा आणि सावकाश उतरत यायचं. वाटेत जुन्या प्रशिक्षकांच्या गळ्यात पडायचं, कोणी दिलेला घोट घ्यायचा, रडायचं असेल तर रडायचं. घड्याळाकडे त्या दिवशी कोणी बघत नाही. झीटा आत्याने लाल झगा शिवला होता आणि तो सकाळपासून शर्यत सुटते तिथल्या, वरच्या लाकडी खोपटात खुंटीवर लटकत होता. यंदाच्या हिवाळ्यात व्हेरेना विसाव्या नंबरच्या आसपासच रेंगाळत होती, त्यामुळे झगा वाया जाईल अशी शंका कोणाच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

तसं या मुलीने जिंकायचं काय बाकी ठेवलं होतं? जगज्जेतेपद दोनदा, ऑलिंपिकचं सुवर्ण, हंगामाचा मोठा चषक. घरच्या उतारावर मात्र एकदाही पहिली नाही. जगभर उजेड आणि दिव्याखाली अंधार, असं गावातले म्हातारे बिअरच्या टेबलावर म्हणायचे आणि कासियान आला की विषय बदलायचे. कारण तिचा गुडघा फाटला तो इथेच, शेळीकड्याखालच्या या वळणावर. आणि हा उतार तयार करणाऱ्या टोळीचा मुकादम होता कासियान. बर्फाला पाणी पाजून तो काचेसारखा घट्ट करायचं काम त्याचं होतं. तेव्हापासून या वळणाला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

जाळीच्या कडेकडेने त्याची बायको बुर्गी वर चढत आली. तिला धाप लागली होती. प्रशिक्षक गेबहार्ड तिथेच वॉकीटॉकी घेऊन उभा होता. त्याने सांगितलं की व्हेरेना वर खोपटात झगा मांडीवर घेऊन बसली आहे, धड झगा घालत नाही की शर्यतीचा पोशाख. वरच्या सगळ्यांनी सल्ले देऊन झाले आणि तिने सगळ्यांना बाहेर हाकललं.

“बाबाशी बोलायचंय म्हणते,” गेबहार्ड म्हणाला. “माझा काय उपयोग? मी नुसता पगारी.”

बुर्गीने नवऱ्याच्या कोटाची बाही धरली.

“तिला सांग, झगा घाल म्हणून. गुडघा इथेच गेला होता, कासियान. तुझ्या बर्फावर. मी आजवर एका शब्दाने बोलले नाही. आज बोलते.”

खरंच ती कधी बोलली नव्हती. रोज ताटात वाढताना, रोज दिवा मालवताना ते वाक्य त्या दोघांच्या मध्ये असायचं, आणि कासियानला वाटायचं, एकदाचं म्हणून टाक बाई. आज तिने म्हटलं. ती चुकीचं काय बोलत होती? म्हातारपणी आपल्या पोरीने नीट जिना उतरावा, एवढंच तिचं मागणं होतं.

त्याने वॉकीटॉकी तोंडापाशी नेला.

“व्हेरेना, आई इथे आलीये. म्हणते, झगा घाल.”

वरून नुसती खरखर आली. मग तिचा आवाज.

“ते कळलं. बाबा, कडा कसा आहे?”

कासियानने बुर्गीकडे पाहिलं. मग वळणाकडे पाहिलं. पहाटे तो तिथे गुडघ्यांवर बसला होता, हातमोजा काढून त्याने इंच न् इंच चाचपला होता.

“वरून ये,” तो म्हणाला. “निळ्या गेटच्या बरीच वरून. आत शिरायची घाई करू नकोस, तिथेच मागे फसलीस. एकदा वळलीस की सोडून दे. बर्फ धरतो.”

“बरं,” व्हेरेना म्हणाली.

बुर्गीने बाही सोडली. ती जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

दुसरी फेरी सुरू झाली; पहिल्या फेरीत मागे पडलेल्या आधी, अशी एकेक पोरगी उतरू लागली. कोणी इथे घसरली, कोणी वेळ घालवला. कासियान प्रत्येकीमागे धावून भुगा लोटत होता, तेवढंच हातांना काम. बुर्गी नेहमीसारखी उताराकडे पाठ करून होती. लेकीची एकही शर्यत तिने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती नवऱ्याचा चेहरा बघायची आणि त्यावरून काय ते ओळखायची.

व्हेरेनाचं नाव पुकारलं गेलं. कड्यापलीकडचं खालून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. घंटा वाजत वाजत खाली सरकत होत्या. आणि मग कड्यावरून ती आली. लाल झगा नव्हता.

एवढंच कासियानने पाहिलं. पुढे त्याच्या कानांवर स्कीची धार बर्फात रुतल्याचा करकर आवाज पडला, लांबलचक, न तुटणारा, आणि तोंडावर बर्फाचा सपकारा बसला.

खाली आरडाओरडा झाला. व्हेरेना पहिली. मागे एकच उरली होती, पहिल्या फेरीत पुढे असलेली स्वीडनची मुलगी. ती उतरली, सुंदर उतरली, पण खाली पोचली तेव्हा दोन्ही फेऱ्यांचा मिळून तिचा वेळ व्हेरेनापेक्षा जास्त भरला आणि अख्खं ओबरटान वेडं झालं. गेबहार्डने टोपी हवेत फेकली, ती जाळीपलीकडे गेली आणि तो रडत रडत ती शोधायला गेला. लाऊडस्पीकरवरचा माणूस व्हेरेनाचं नाव नीट उच्चारायचंही विसरला. घरच्या उतारावर व्हेरेना जिंकली होती, शेवटच्या दिवशी, तिशी उलटून गेल्यावर.

कासियान तोंडावरचा बर्फ न पुसता उभा होता.

“बुर्गी,” तो म्हणाला, “मी पाहिलंच नाही. डोळे मिटले माझे.”

“माहीत आहे. तोंडच दिसत होतं तुझं.” ती त्याच्या शेजारी आली. “म्हणून मग मलाच वळून बघावं लागलं.”

कासियान तिच्याकडे वळला.

बुर्गीने हातमोजा काढला आणि उघड्या हाताने हवेत वळण काढून दाखवलं, सावकाश, वरून, बरंच वरून.

“अशी आली. तू सांगितलंस तशी. मधे एक पाय जरा थरथरला, मला वाटलं गेली.” तिचा हात तिथे क्षणभर थांबला आणि मग खाली आला. “धरलं, कासियान. तुझ्या बर्फाने धरलं तिला.”