मालिशच्या बाकाने मोजलेलं वजन

मित्रांनो, मी मालिशचा एक जुना बाक आहे. सागाचे चार पाय, वर जाड फळी, फळीवर तीन बोटं जाडीचा स्पंज आणि त्यावर तपकिरी रेक्झिन, एवढाच माझा पसारा. सुतार मला घडवत होता तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं होतं, "एवढ्याशा रुंदीवर कोण झोपणार? कूस बदलली की खालीच."

"यावरचा माणूस स्वतः नाही वळत," सुतार म्हणाला. "दुसरं कुणीतरी त्याला वळवतं."

ते दुसरं कुणीतरी म्हणजे माझी मालकीण. तिच्या हातांना गुण होता आणि तिचं वाचनही होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी समजावून सांगे, की आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असतात. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस जाते, आणि तिच्यातून वरून खाली येणाऱ्या निरोपांपेक्षा खालून वर जाणारे निरोप जास्त असतात. म्हणून तर परीक्षेच्या सकाळी तुमचं पोट बिघडतं. हे सगळं खरं आहे. तिच्या बाजूने मी एवढं तरी सांगायलाच हवं.

एक बसचालक यायचा. अपघातानंतर गाडी सुरू केली की त्याच्या पोटात मुरडा येई. मालकिणीने त्याला पोटापर्यंत श्वास घ्यायला शिकवलं, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तळहात फिरवला. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "बाई, आज पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत मधे कुठे पळालो नाही. प्रवाशांनाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं असेल."

मालकीण हसली. ती गोष्ट पुढे तिने प्रत्येकाला सांगितली. फक्त त्याच्या सगळ्या तपासण्या दवाखान्यात आधीच होऊन गेल्या होत्या, एवढं सांगायचं ती हळूहळू विसरत गेली.

मग तिची थोरली बहीण येऊ लागली, दर मंगळवारी. ताई कपडे शिवायची. त्यांच्या आईचं शेवटचं दीड वर्ष ताईने एकटीने निभावलं होतं. आई गेली आणि ताईचं पोट दुखू लागलं.

"तू आईचं दुःख धरून ठेवलंयस," मालकीण म्हणाली. "ते सोड. शरीर स्वतःला बरं करतं, ताई. आपण फक्त आड यायचं नाही."

"मी कुठे आड येते गं? मला जेवणच नको वाटतं."

मित्रांनो, मला वाचता येत नाही, पण वजन कळतं. पहिल्या मंगळवारी ताईच्या कमरेखाली माझा स्पंज दोन बोटं दबला होता. सहाव्या मंगळवारी दीड. पुढे तर तिच्या पाठीचे मणके मला एकेक करून लागू लागले.

"ड्रेस सैल शिवलास की काय?" मालकिणीने एकदा विचारलं.

"दोनदा आत घेतला. गिऱ्हाइकं ताटकळतात आणि शिंपीण स्वतःचंच उसवत बसते."

आठव्या मंगळवारी बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, मालकिणीची तीन बोटं थांबली. पुढे गेली, परत आली. तिथलं कडकपण माझ्या फळीपर्यंत पोचलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. इथे फार आवळून धरलंयस."

त्यानंतर तिचा हात त्या जागेला वळसा घालून जाऊ लागला. चौदा आठवडे.

बाविसाव्या मंगळवारी ताईला माझ्यावरून उतरता आलं नाही. न्यायला आलेल्या तिच्या मुलीने मावशीला काही न विचारता तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोट उघडलं तेव्हा रोग यकृतापर्यंत गेला होता.

महिन्याभराने ताई पुन्हा एकदा आली. माझ्यावर नाही, खुर्चीवर बसली.

"सर्जन म्हणाले, हाताला सहज लागेल एवढी गाठ होती."

मालकीण टॉवेलची घडी घालत होती. घडी घालून झाली तरी ती घालतच राहिली.

"तुला लागली होती?"

"हो."

"कधी?"

"आठव्या वेळी."

ताईने मनात हिशेब केला. "तेव्हा मी शाळेचे गणवेश शिवत होते. त्यानंतर शंभर शिवले." मग म्हणाली, "बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ती गाठ खरी झाली असती, ताई."

ताई उठली. आधाराला तिने माझ्याऐवजी भिंत धरली.

त्या चौदा आठवड्यांनी किती फरक पडला असता, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. ताई पुढच्या उन्हाळ्यात गेली. मालकिणीने खोली बंद केली आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्यावर आता रंगाचे डबे आहेत. रेक्झिन फाटलं आहे, स्पंज उंदरांनी नेला आहे. त्याची तक्रार नाही.

पण तुम्ही ऐका. पोट आठवड्यांमागून आठवडे दुखत राहिलं, वजन उतरू लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग खुशाल मालिश करा, खोल श्वास घ्या, रडू आलं तर रडा. त्यानेही बरं वाटतं. आणि कुणाच्या अंगावर हात ठेवल्यावर तुम्हाला काही कळलं, तर ते त्याच दिवशी त्याला सांगा. मी बावीस मंगळवार गप्प राहिलो, कारण मला बोलता येत नाही.

तिला येत होतं.