सीट लांब का असते

"एवढी लांब सीट," दादा म्हणाले, "आणि ती एकट्यासाठी? उरलेल्या जागेवर काय ठेवायचं, अब्रू?"

दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनची पाहणी करायचे. अठरा किलोमीटर, सगळे खडकाळ चढउतार. तीस वर्षे धाकटा मोटरसायकल चालवत आला आणि दादा मागे बसून सूचना देत आले. धाकट्याने पन्नाशी ओलांडली होती, पण दादा त्याला अजून 'बाळ' म्हणायचे, त्यामुळे आमच्या प्रशिक्षण केंद्रातही तासाभरात त्याचे तेच नाव पडले. आता मोटरसायकल भंगारात निघाली आणि त्यांच्या कार्यालयाने खडकाळ वाटेवर चालणारी चारचाकी एटीव्ही दिली. सोबत पत्र होते: परीक्षा पास होईल त्यानेच लाइनवर जायचे, दुसऱ्याने गोदामात बसायचे. दादांनी आयुष्यात कशाचेच हँडल धरले नव्हते. गोदामात डबा ठेवायला कोणती फळी बरी, हे ते आदल्याच दिवशी पाहून आले होते.

"सीट लांब असते ती चालवणाऱ्याला सरकता यावं म्हणून," मी सांगितले. "चढावर पुढे, उतारावर मागे. पाठीमागे माणूस बसला की सरकायला जागा राहत नाही, आणि गाडीचा भारही मागे जातो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पटलेले दिसत नव्हते. मी दादांना काट्यावर उभे केले: एकाहत्तर किलो. तेवढेच वाळूचे पोते सीटच्या मागच्या टोकाला बांधले आणि रिकामी गाडी दोराने चढावर ओढायला लावली. मध्यावर पुढची चाके उचलली, गाडी मागे उलटली आणि पोते तिच्याखाली गेले.

"दादा गेला," बाळ म्हणाला.

"मी असतो तर पुढे झुकलो असतो." पण पोते बाहेर काढल्यावर ते कुठे फाटले आहे का, हे दादांनी दोनदा तपासले.

दोन दिवस सराव झाला. बाळ झकास चालवायचा, दादा कडेला उभे राहून ओरडायचे आणि आपल्या पाळीला गोगलगायीच्या वेगाने फेरी मारायचे. परीक्षेच्या दिवशी मात्र मी दादांना खोलीत बसवले. हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, सगळे तपासून बाळला सोडले. तो ऐटीत निघाला आणि नाकासमोरच्या पहिल्याच खड्ड्यात गेला. वेग चालण्याइतकाच होता, म्हणून नुसते चाक अडकले.

"दिसला नाही का?"

"कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीत त्याने वाटेच्या कडेला खूण म्हणून ठेवलेले पिंप पाडले. तिसऱ्या फेरीत वळण आले तेव्हा त्याने गाडी थांबवली आणि चक्क मागे वळून पाहिले.

मग दादा. त्यांनी अंगठ्याने ॲक्सिलरेटर हळूच दाबला. गाडी हलली आणि हेल्मेटमधून आवाज येऊ लागला. "डावीकडे घे, बाळ. दगड आहे. हळू. आता पुढे सरक. लक्ष कुठाय तुझं?" गाडीवर ते एकटेच होते. खड्डा त्यांनी पंधरा पावलांवरून हेरला आणि सवयीने बोट दाखवले. हँडल सोडल्याबद्दल मी दोन गुण कापले. तरीही ते पास झाले.

बाळने निकालाचा कागद उलटसुलट करून वाचला.

"कुठली फळी बघितली होतीस?"

"डाव्या हाताची. तिथे उंदीर येत नाहीत."

"बरं." त्याने कागदाची घडी घातली. "गेटपर्यंत तरी मागे बसू?"

"पोतं बघितलंस ना?"

दादांनी हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला, मग माझ्याकडे वळले. "मॅडम, याची परीक्षा परत कधी?"

"आठ दिवसांनी."

"दोघं पास झालो तर एक दिवस मी, एक दिवस हा. पत्रात तशी मनाई नाही." पत्र त्यांनी चांगलेच वाचलेले दिसत होते. "चल, बाळ, हो पुढे. गेटपर्यंत खड्डे तू सांगायचे."

बाळ खाली बघत चालू लागला. दादा मागून गाडीवर.

"दहा मीटर अंतर ठेवा," मी म्हणाले.

"दादा, खड्डा."

"कुठे ते नीट सांग."

"मी उभा आहे त्यातच."