भेगेतला रंग

साडूच्या मोटारसायकलचा आवाज दत्तूला गल्लीच्या तोंडाशीच ओळखू यायचा, आणि ओळखला की पोटात कळ उठायची. खोटं कशाला बोला! काळी कुळकुळीत गाडी, टाकीवर लाल पट्टा, इंजिन जपानी. रमाकांतने दीड वर्ष नंबर लावून ती मिळवली होती. उतरला की पहिल्यांदा खिशातून पिवळं फडकं काढायचा आणि टाकी पुसायचा, मग माणसांकडे बघायचा. दत्तूला तर वाटायचं, ते फडकं हिसकावून गटारात टाकावं.

दत्तूचा लालबागेत चाळीखाली वेल्डिंगचा गाळा होता. ग्रिल, गेट, कुणाच्या हातगाडीचा आस, कुणाची मोडकी खुर्ची, जे येईल ते. संपाआधी तो गिरणीच्या मेकॅनिक खात्यात पर्मनंट फिटर होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत सगळ्यांबरोबर बाहेर पडला तो पडलाच, आज सहा वर्षं झाली. हाताला धरून कुणी आत नेलं नाही आणि कुणाच्या पाया पडायला हा गेला नाही. हात मात्र तसाच राहिला होता. मोठ्या साहेबांनीसुद्धा एकेकाळी त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवून 'वा!' म्हटलं होतं.

गिरगावच्या तात्यांना दोन मुली. थोरली दमयंती दत्तूला दिली, धाकटी कमल रमाकांतला. तेव्हा दत्तूचा काय रुबाब होता! गिरणीतला पर्मनंट जावई म्हणजे तात्या चाळभर सांगत सुटायचे. रमाकांत दादरच्या विमा कचेरीत साधा कारकून, सासऱ्यापुढे मान वर करायचा नाही. दर रविवारी दोन्ही जोड्या गिरगावात जेवायला. सकाळी तात्या थोरल्या जावयाला घेऊन मासळी बाजारात जायचे, कारण सुरमईचे कल्ले बघून ताजी-शिळी सांगावी तर दत्तूनेच. जेवताना सासूबाई, रमाबाई, तळलेल्या सुरमईची मधली तुकडी उचलून न विचारता दत्तूच्या ताटात घालायच्या. ती त्याचीच, हे ठरलेलं.

संप झाला तरी पहिलं वर्षभर ती त्याच्याच ताटात पडली. मग एका रविवारी ती रमाकांतच्या ताटात गेली. रमाबाईंनी मुद्दाम केलं असंही नाही, झारा आपोआप तिकडे वळला असेल. दत्तूने शेपटीकडची तुकडी काटे काढत खाल्ली आणि वर ताकही मागून प्याला. पण त्या दिवसापासून मधली तुकडी रमाकांतकडे गेली ती गेलीच.

उरला होता तो सकाळचा बाजार. तोही गाडीने नेला. तात्यांचे गुडघे दुखायचे, दत्तूच्या खांद्यावर हात ठेवून ते पावलं टाकायचे. आता रमाकांत सकाळी सहाला दादरहून यायचा, म्हाताऱ्याला मागे बसवायचा आणि थेट माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर न्यायचा, जिथे मासळी होडीतून उतरते. परत आले की तात्या जिन्यातूनच ओरडायचे, "जावईबापू, सरंगो बघा कसो ताजो मिळालो!" ते 'जावईबापू' आपल्या मानासाठी की आपल्याला खिजवायला, हे दत्तूला कळायचं नाही. तो पापलेटाचा कल्ला उघडून बघायचा. शिळं निघावं अशी इच्छा असायची, आणि मेलं ते कधी शिळं निघायचं नाही.

असा सगळा जळफळाट साठलेला असताना एका शनिवारी दुपारी रमाकांत गाडी ढकलत गाळ्यावर आला. घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला. दत्तूला आधी बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"भाऊ, जरा बघता का? हँडल थरथरतंय. शोरूमला नेली, तर तिथला माणूस म्हणतो, तुम्ही तिघं बसत असाल, खड्ड्यात आपटली असेल. बाहेरून वेल्डिंग मारून घ्या म्हणाला, किरकोळ आहे."

"तिघं बसता?"

"छे हो! तात्यांना बसवतो म्हणून मी चाळीसच्या वर चालवत नाही."

दत्तूने पेट्रोलची टाकी उतरवली, उजेडाला हातबॅटरी आणली आणि वाकला. हँडलच्या मानेखाली, जिथे मुख्य नळी जोडलेली असते, तिथे भेग होती. खालच्या बाजूला लोखंड नवं, चकचकीत. म्हणजे हा भाग आत्ता फाकलेला. पण वरच्या बाजूला बोटभर लांबीत भेगेच्या आत, पार खोलवर, काळा रंग उतरलेला होता, आणि त्याच्याखाली तांबडा प्रायमर.

दत्तूला क्षणात समजलं. त्यात समजायला लागतंय काय! रंग भेगेच्या आत गेला, म्हणजे रंग मारला तेव्हा भेग होतीच. कारखान्यात सांधा नीट धरलाच नव्हता. तसाच रंगवला आणि दिला गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधून. खड्ड्याचा संबंध नाही, रमाकांतचा दोष नाही. कंपनीने मुकाट्याने नवी फ्रेम द्यायला हवी. आणि शोरूमवाला बाहेर वेल्डिंग करा का म्हणाला, तेही दत्तूला कळलं. बाहेरचा हात लागला की कंपनी मोकळी. ग्राइंडर फिरवला की रंगही गेला आणि पुरावाही गेला.

एक वाक्य बोलायचं होतं. 'रमाकांतराव, हात लावू नका, अशीच कंपनीला दाखवा.' बस्स. ते दत्तूच्या जिभेवर आलंही होतं.

तेवढ्यात रमाकांतने खिशातून ते पिवळं फडकं काढलं आणि खाली उतरवलेली टाकी पुसायला घेतली.

झालं! दत्तूचं डोकं फिरलं. म्हणजे आधी नवी गाडी, आता वर नवी फ्रेम? मोडलं तरी ह्याचं नवंच होणार? माझी अख्खी गिरणी मोडली, मला कुणी बदलून दिली? राहू दे ह्याच्या गाडीला एक डाग जन्मभर. आणि तो डाग माझ्या हातचा असू दे.

"कंपनीला दाखवायची गरज नाही ना, भाऊ?" रमाकांतने विचारलं.

"कंपनीनेच सांगितलंय ना बाहेरून करा? मग काय दाखवायचंय! जा, दोन तासांनी या."

रमाकांत गेल्यावर दत्तूने ग्राइंडर लावला. काळी आणि तांबडी पूड उडाली, पायाशी पडली, आणि त्याने ती झाडूने गोळा करून कचऱ्यात टाकली. मग वेल्डिंग केलं, वरून पट्टीचा आधार दिला. काम त्याने चोख केलं, कारण लबाडी मनात होती, हाताला ती कधी जमली नव्हती. त्या सांध्यावर हत्ती बसला असता तरी तो हलला नसता.

पुढचे काही रविवार दत्तूला झकास गेले. रमाकांत जेवताना म्हणायचा, "भाऊंनी काय काम केलंय तात्या! शोरूमवाल्यांना जमलं नसतं." दत्तू मान हलवायचा आणि आमटी ओरपायचा. गाडीचा आवाज आला तरी आता कळ येत नव्हती. उलट त्याला गाडीच्या मानेतला तो डाग आठवायचा आणि बरं वाटायचं.

पावसाळा सरला तसं गाडं फिरलं. रमाकांतच्या कचेरीतल्या एकाची त्याच गाडीची फ्रेम तिथेच तुटली आणि तो माहीमच्या रस्त्यावर आपटला. हात मोडला बिचाऱ्याचा. रमाकांत कारकून माणूस, कागद म्हणजे त्याचा प्राण. ग्राहकांचा नवा कायदा नुकताच आलेला. त्याने दादरच्या ग्राहक संघटनेत जाऊन स्वतःला धरून अकरा गाडीवाले गोळा केले आणि कंपनीला पत्रांवर पत्रं धाडली. शेवटी कंपनीने पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला. दहा जणांच्या फ्रेम बघून त्याने कबूल केलं, ह्या खेपेचे सांधे कच्चे आहेत, बदलून देऊ. अकरावी गाडी रमाकांतची.

सोमवारी रमाकांत गाळ्यावर आला. हातात प्लॅस्टिकची फाइल होती, फडकं नव्हतं.

"भाऊ, माझी एकट्याची अडकली. इंजिनिअर म्हणाला, बाहेर वेल्डिंग झालंय, आता मूळ दोष होता की आपटून भेग पडली, मी कसं सांगू? पण तुमचा सांधा बघून थक्क झाला हं! म्हणाला, हे काम करणारा कसबी माणूस आहे. त्याने भेग उघडली तेव्हा आत रंग होता का, एवढं त्याच्याकडून सहीनिशी लिहून आणा. रंग होता असं तो म्हणाला, तर मी फ्रेम मंजूर करतो."

दत्तू हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवायलाही विसरला.

"ग्राइंडर मारल्यावर दिसला, असं लिहिलं तर..." तो चाचरला.

"ग्राइंडर मारल्यावर रंग राहतोय कुठे, भाऊ! आधीच दिसलेला असायला हवा." रमाकांत सरळपणे म्हणाला. मग जरा थांबून हसला. "मी त्याला म्हटलं, आमचे साडू आहेत ते. त्यांना दिसला असता तर तेव्हाच मला सांगितलं असतं. पण तुम्ही एकदा आठवून बघा."

असं बोलला आणि काय लिहून हवं ते वर लिहिलेला कागद ठेवून गेला. त्याच्या डोळ्यांत संशय असता तर दत्तूला सोपं गेलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता.

घरी दमयंतीने कागद बघितला. "अहो, मग द्या की लिहून! तुमचं काय जातंय?"

काय जातंय! 'रंग होता' असं लिहिलं, की दिसत असून गप्प बसलो हे पहिल्याच वाचनात उघडं. आणि रमाकांत वाचण्यातच जन्म घालवलेला माणूस. तात्यांना कळणार, रमाबाईंना कळणार, कमलला कळणार. गिरणी गेली, पगार गेला, बाजार गेला; एक चोख माणूस म्हणून नाव तेवढं राहिलं होतं, ते आपल्या हाताने लिहून द्यायचं. आणि 'रंग नव्हता' लिहिलं तर कुणाच्या बापाला कळणार नाही. रमाकांतची गाडी तशीच राहील आणि दत्तू दत्तूच राहील. दोन दिवस तो जेवला नाही धड. त्यातही रागच जास्त होता. एवढं करूनही मेल्याने मलाच कोंडीत पकडलंय, असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने 'रंग नव्हता' लिहायला पेन उचललं. 'भेग मी स्वतः उघडली' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. बावीस वर्षं लोखंडाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. माणसांबद्दल बोलला असेल, पण लोखंडाबद्दल कधीच नाही. त्याने एक करकचून शिवी हासडली, ती स्वतःलाच, आणि पुढे लिहिलं: 'भेगेत कंपनीचा काळा रंग व तांबडा प्रायमर होता. तो मी वेल्डिंगच्या आधी पाहिला होता.' सही केली, आणि दादरला जाऊन कागद स्वतः रमाकांतच्या हातात दिला.

रमाकांतने तो उभ्यानेच वाचला. एकदा वाचला, मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. दत्तू वाट बघत उभा राहिला. बोल काय बोलायचं ते, असं त्याच्या मनात होतं. रमाकांतचे कान लाल झाले. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवली.

"चहा घेणार, भाऊ?"

"नको."

"बरं."

एवढंच. महिनाभरात फ्रेम बदलून आली. नव्या नळीवर कसलाही डाग नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी गिरगावला जायला दत्तूचे पाय निघत नव्हते. दमयंतीने ओढूनच नेलं. आता तात्या काय म्हणतील, ह्या विचाराने तो जिना चढताना दोनदा थांबला. पण तात्या झोपाळ्यावरून हात पसरूनच उठले. "दत्ताराम! अरे, तुझ्या एका कागदाने कंपनी वाकवली म्हणे! रमाकांत सांगत होता, भाऊंनी लिहून दिलं नसतं तर काही खरं नव्हतं."

दत्तूने रमाकांतकडे पाहिलं. रमाकांत खिडकीशी उभा राहून पेपर वाचत होता, किंवा तसं दाखवत होता. म्हणजे ह्याने सांगितलं नव्हतं. तात्यांना नाही, कमललासुद्धा नाही. सांगितलं असतं तर दत्तू भांडला असता, तोंड फिरवून निघून गेला असता, आणि मनातल्या मनात म्हणाला असता, बघा, शेवटी कारकुनाच्या जातीवरच गेला. आता तेही म्हणायची सोय उरली नव्हती. गाडी त्याची, तात्या त्याचे, आणि मनाचा मोठेपणाही त्याचाच. इतकी वर्षं दत्तूने हेवा केला होता, पण तो असा कधी जळला नव्हता.

पानं मांडली. रमाबाई तळलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन आल्या आणि झारा सवयीने रमाकांतकडे वळला.

"आई, ती भाऊंना घाला," रमाकांत म्हणाला. "आज मान त्यांचा."

मधली तुकडी दत्तूच्या ताटात पडली. जाड, पांढरीशुभ्र, वरचा रवा अजून कुरकुरणारा. पाच वर्षं तो तिच्यावर डोळा ठेवून होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून त्याने घास तोडला आणि तोंडात घातला. तो घोळत राहिला, खाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं तसं त्याने मान खाली घातली आणि भाताचं आळं करत बसला.

"काय हो, काटा लागला?" शेजारून दमयंतीने विचारलं.

"हं," दत्तू म्हणाला. समोर बसलेल्या रमाकांतने तांब्यातून पाणी ओतलं आणि भांडं त्याच्यापुढे सरकवलं.