सहावी खूण

नातीच्या आठव्या वाढदिवसाला समुद्री चाच्यांचा खजिना शोधायचा खेळ ठेवायचं ठरलं, आणि म्हातारा सुतार पुन्हा हत्यारं काढून बसला. गुडघे कधीच संपावर गेले होते, पण हात अजून ऐकत होते. त्याने हातभर लांबीची प्लायवूडची पेटी केली, झाकणाला गोलाई दिली, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. सुनेने जुना काळा पडदा कापून बारा मुलांसाठी बारा डोळेपट्ट्या शिवल्या. शिवाय लाकडाच्या सहा चकत्या. प्रत्येकीवर एक चित्र, पुढची चकती कुठे दडवलीय ते सांगणारं. सहावीने थेट पेटीपाशी न्यायचं.

चित्रं काढली रंगाऱ्याने. तीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं होतं. एकाने कपाट करायचं, दुसऱ्याने रंगवायचं, आणि दोघांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एकही वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जायची नाही, असा त्यांचा शिरस्ता.

"ही कवटी हसतेय की रडतेय रे?" सुताराने विचारलं.

"हसतेय. दात मोज, तुझ्यापेक्षा दोन जास्तच आहेत."

शिरस्त्याप्रमाणे शुक्रवारी सुताराने त्याला सगळा खेळ फिरून दाखवला. जिन्याखालून पंपाच्या खोलीत, तिथून सायकलींच्या शेडमध्ये, असं करत करत पाण्याच्या टाकीमागच्या वाळूच्या ढिगापर्यंत.

"इथे पुरायची पेटी. पण कुणाजवळ बोलायचं नाही. चिऊलासुद्धा मी सांगितलेलं नाही."

"मी काय लहान आहे?" रंगारी म्हणाला.

चिऊने तीन आठवडे आजोबांचा पिच्छा पुरवला होता. चष्मा पुसून दिला, पाय चेपले, गळ्यात हात टाकले.

"आबा, एकच खूण सांग ना. माझाच तर वाढदिवस आहे."

"म्हणूनच नाही सांगणार. सगळ्यांसारखं शोधायचं."

"मग मी तुझ्याशी बोलणारच नाही जा."

आणि खरंच चार दिवस ती बोलली नाही. समोर यायची, पुस्तक घ्यायची, पाठ फिरवायची. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला. दोनदा तर जिभेच्या टोकावर आलं होतं, ते त्याने गिळलं. आपल्या डोक्याने पेटी शोधेल तेव्हा धावत येऊन बिलगेल, एवढ्या आशेवर तो होता. त्याला त्या खेळातून दुसरं काही नको होतं.

रविवारी सकाळी तो पेटी पुरायला गेला, तर टाकीचा नळ गळून वाळूचा अर्धा ढीग भिजलेला. प्लाय फुगलं म्हणजे मेहनत पाण्यात. त्याने पेटी उचलून वर्कशॉपमधल्या रंध्याच्या ढलप्यांच्या पोत्यात खुपसली, आणि सहावी चकती घासून तिच्यावर स्वतःच एक वेडंवाकडं पोतं काढलं. रंगारी आपल्या नातीला, बबडीला घेऊन आला तेव्हा मुलं ओळीत उभीसुद्धा होती. सांगायला वेळच मिळाला नाही.

शिट्टी वाजली. अकरा चाचे पहिल्या चकतीवर तुटून पडले. बबडीने चकतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ टाकीमागे धावली आणि कोपरापर्यंत हात घालून वाळू उपसायला लागली.

"तिला सापडलं!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच तिकडे धावले. ढीग उधळला, फ्रॉक चिखलाने भरले, पण पेटी काही निघेना.

"इथेच आहे," बबडी रडकुंडीला येऊन म्हणाली. "खरंच इथेच आहे."

"इथे काहीच नाहीये. फसवलं!" एक पोरगा म्हणाला.

चिऊ मात्र वाळूकडे बघत नव्हती. तिने डोळ्यावरची पट्टी वर सरकवली आणि आजोबांकडे पाहिलं. "आबा, तू तिला सांगितलंस?"

"नाही गं, बाळा."

"मग तिला कसं माहीत?"

सुताराने रंगाऱ्याकडे पाहिलं. बोलेल, आता बोलेल, असं त्याला वाटत राहिलं. रंगारी बोलला खरा, पण वेगळंच.

"जागा बदललीस? आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

सुनेच्या हातातला केकचा चाकू तसाच राहिला.

"बरं झालं नाही सांगितलं," सुतार म्हणाला.

रंगाऱ्याचा चेहरा पडला. "अरे, पोर आहे ती. कशातच कधी पहिली येत नाही. घरी येऊन रडते. म्हटलं, एक दिवस येऊ दे की पहिली. तुझं काय जात होतं?"

"माझी नात चार दिवस माझ्याशी बोललेली नाही," सुतार म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण रंगारी एक पाऊल मागे सरला.

मुलांचा दिवस नासवायचा नाही म्हणून सुताराने पुन्हा शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पहिल्या चकतीपाशी आणलं. खेळ पुन्हा सुरू झाला. पेटी शेवटी समोरच्या घरातल्या धाकट्याला सापडली, चॉकलेटं वाटली गेली, आरडाओरडा झाला, केकही कापला गेला.

मुलं पांगल्यावर चिऊ आजोबांपाशी आली. बिलगली नाही. समोर उभी राहिली.

"बबडीच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं ना?"

"हो."

"आणि तुला पण सगळं माहीत होतं."

"हो गं."

"मी एवढं विचारलं." तिने डोळेपट्टी काढली. "तिचे आजोबा तिचे आहेत. तू कुणाचा आहेस?"

खेळ खरा असला की जिंकण्यात मजा असते, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. पण तोवर ती नळापाशी गेली होती. तिथे बबडी कोपराची वाळू धूत होती. चिऊने तिच्यासाठी नळ मोठा सोडला, आणि दोघी काहीतरी कुजबुजून हसल्या.

रंगारी फाटकापाशी घोटाळत होता. "सुतारा," त्याने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली.

सुतार पाठमोरा होता. गुडघे टेकून तो पसरलेली वाळू दोन्ही हातांनी गोळा करत राहिला.