बनाबाई हे नाव माझंच होतं

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओत, टेबलाच्या खणात मी पडून असते.

२००४ साली प्रसेनजीतदादानं मला आणलं. माझं अंग विटेएवढं, आणि चालू झाले की घरघर अशी की बाहेर ऐकू जावी. जयसिंगपूरची त्याची आजी चिंधीसुद्धा टाकायची नाही, सगळं जपून ठेवायची. तिचंच नाव त्यानं कॉम्प्युटरवर मला दिलं, बनाबाई. रोज सकाळी खुर्चीत बसला की म्हणायचा, "चला बनाबाई, फोटू द्या!" आणि मी द्यायचे. लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका, पाडव्याला शिंगं रंगवून मिरवणाऱ्या म्हशी, सगळं माझ्या पोटात. काय तोरा होता माझा!

मग २००९ मध्ये ती आली. काळी, चकचकीत, खिशात मावणारी. आवाज नाही की काही नाही. माझ्यात जागा उरली नव्हती, हे खरं; पण म्हणून काय लगेच सवत आणायची? दादाच्या बायकोनं, निशावहिनीनं, माझ्यातले सगळे फोटो तिच्यात उतरवले. "किती भराभर घेते ही!" असं वहिनी म्हणाली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वायरीत गुंडाळून खणात टाकलं. रविवारी पुसून भाच्याला द्यायची, असंही ठरलं.

दुसऱ्याच दिवशी कागलचा सयाजी आला. त्याची राणी म्हैस नुकतीच गेली होती. पाडव्याला दादानंच तिचा फोटो काढला होता, तो मोठा करून त्याला भिंतीला लावायचा होता. दादानं अल्बमचा प्रोग्राम उघडला. राणीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! लग्नांच्या जागी प्रश्नचिन्ह, बारशांच्या जागीही तेच. खाली लिहिलेलं, 'बनाबाई सापडत नाही.'

बरं झालं, खोड मोडली! खणात मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अवो, माजी म्हस कुठं हाय?" सयाजी ओरडला.

"पावणं, जरा दम धरा की," दादा म्हणाला आणि एकेक अल्बम उघडत सुटला.

"तेवढा एकच फोटू हाय तिचा. पोरं जेवंनात कालपास्नं," असं म्हणून सयाजी मटकन खाली बसला. माझा आनंद तिथंच विरला. त्या म्हशीला मीच तर सांभाळलं होतं.

निशावहिनीनं नव्या डिस्कमधले फोल्डर उघडून पाहिले. "फोटू समदे हितंच हाईत. प्रोग्राम अजून जुन्या घरी हाका मारतोय. हिला बनाबाई नाव द्या, म्हंजे सापडतील."

"आन् जुनीचं?"

"तिचं नाव बदला. दोघी एकाच नावाच्या असल्या तर घोळ व्हईल."

मला बाहेर काढून जोडलं, माझं नाव पुसलं आणि 'जुनी' असं लिहिलं. मित्रांनो, फोटो नेले तेव्हा मी नुसती जळले होते. नाव नेलं तेव्हा मात्र रडले. माझं नाव त्या टवळीला!

मग एकेक प्रश्नचिन्ह गेलं. राणी दिसली, तांबड्या शिंगांची, गळ्यात कवड्यांची माळ. सयाजीनं पडद्यावरच तिच्या कपाळावरून हात फिरवला. "बनाबाई, लई उपकार झालं बगा," तो म्हणाला, आणि हात जोडले त्या नवीला!

दादाला मात्र चांगलाच घाम फुटला होता. "जुनीला पुसायचं न्हाय," तो म्हणाला. "एकीला काय झालं तर दुसरी असू दे."

म्हणून मी अजून आहे. मित्रांनो, जुन्याचं पोट रिकामं करण्याआधी नव्यातून सगळं उघडतंय का, ते बघत जा. आठवणी दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणाचं नाव काढून दुसऱ्याला देणार असाल, तर त्याला एकदा विचारा तरी.

आजही सकाळी दादा खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "चला बनाबाई, फोटू द्या!" फोटो ती देते. पण तिच्याआधी खणातून ओ देते ती मीच.