अनुयाचा ड्रॉइंग बोर्ड

मित्रांनो, मी एक म्हातारा ड्रॉइंग बोर्ड आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कोणी पाहिलाही नसेल. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका कारागिराने मऊ लाकडाच्या पट्ट्या जोडून, रंधा मारून मला घडवले.

डिप्लोमाला शिकणाऱ्या श्यामकांतने मला विकत घेतले. पुढे तो अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला. माझ्यावर कागद ताणून तो यंत्रांची ड्रॉइंग काढी आणि साहेब त्याची पाठ थोपटत. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. श्यामकांत ते शिकला म्हणून टिकला. त्याच्या शेजारच्या टेबलावरचे शंकरराव मात्र, इतका सुरेख हात असून, नोकरी जाऊन घरी बसले. ती धास्ती श्यामकांतच्या मनातून कधीच गेली नाही. मला त्याने पलंगाखाली सरकवले.

तिथून मला बाहेर ओढले त्याच्या मुलीने, अनुयाने. शाळेतून आली की ती माझ्यावर घरे काढायची. जिने, गच्च्या, अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराचे खांब. एकदा तिने आईसाठी, सुहासिनीसाठी, स्वयंपाकघर काढले. ओट्यासमोर मोठी खिडकी.

"अगं, असं घर कुठे मिळतं?" सुहासिनी म्हणाली.

"मिळत नाही. मी बांधणार आहे."

ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

बारावीनंतर अनुयाला आर्किटेक्चरला प्रवेश मिळत होता. पण जेईईतही तिने चांगली रँक काढली, आणि एका मोठ्या नावाच्या कॉलेजात कॉम्प्युटरची सीट लागली.

"बाबा, मला आर्किटेक्चरच करायचंय."

"ड्रॉइंग काय, छंद म्हणून कर ना! या कॉलेजचा शिक्का बसला की लाइफ सेट. शंकररावांचं काय झालं, माहितीये ना?"

"अहो, तिचं ऐकून तरी घ्या," सुहासिनी म्हणाली.

"मग मी हे सगळं कोणासाठी करतोय?" श्यामकांत म्हणाला.

अनुयाने हातातली पेन्सिल माझ्यावर ठेवली. मग म्हणाली, "ठीक आहे. सीट कन्फर्म करा."

सोसायटीत पेढे वाटले गेले.

दुसऱ्या वर्षी ती हॉस्टेलवरून सगळे सामान घेऊन परतली. विषय मागे पडत गेले होते. तिने वर्गात जाणे सोडले होते, मग जेवायला जाणेही. डॉक्टरांची औषधे सुरू झाली. एके दिवशी श्यामकांतने मला पुसून टेबलावर ठेवले आणि नवा कागद ताणून लावला.

"आता तुला हवं ते कर, बाळा. आर्किटेक्चरचं बघू या आपण."

अनुयाने पेन्सिल घेतली. अर्धी रेघ ओढून ती थांबली.

"बाबा, पूर्वी कोरा कागद पाहिला की मला घर दिसायचं. आता काहीच दिसत नाही."

"दिसेल गं."

"तेव्हा ऐकायला हवं होतंत."

ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागले. ती उठून आत गेली. माझ्या कडेवर हात ठेवून श्यामकांत रडला.

तो कागद तसाच पिवळा पडला. इकडे पाणी रोज येत नाही. गॅलरीतल्या पिंपाला झाकण हवे होते. सुहासिनीने मला त्यावर ठेवले. ओलीने मी फुगलो, वाकलो. आता माझ्यावर सरळ रेघ येणार नाही.

मित्रांनो, कॉलेजचे नाव बघा, नोकऱ्या बघा, जरूर बघा. पण तुमचा जीव कशात रमतो, तेही घरी सांगा. एकदा नाही ऐकले, तर पुन्हा सांगा. आणि घरातल्या मोठ्यांनो, ते वेळेवर ऐका. जीव नंतर रमेलच, असे नसते.

सकाळी श्यामकांत गॅलरीत येतो. अनुयाच्या खोलीचे दार लोटलेले असते. तो मला उचलून भिंतीला टेकवतो, बादली भरतो, आणि आवाज होऊ नये म्हणून मला अगदी अलगद पुन्हा पिंपावर ठेवतो.