व्हर्डेलबाईंची रेकॉर्ड

“एवढं ‘चुकले’ म्हणा व्हर्डेलबाई, की घाला झगा आणि या परत क्वायरमध्ये,” पाळक पेटवे म्हणाले.

डेट्रॉइटमधल्या आमच्या चर्चची ही जुनीच रीत. पाप केलं की मागच्या बाकावर बसायचं, आणि मंडळीसमोर माफी मागेपर्यंत गाणाऱ्यांच्या क्वायरमध्ये पाऊल टाकायचं नाही. सतराव्या वर्षी, लग्नाआधी पोटात बाळ होतं तेव्हा, मीही मागितली होती. त्या माफीची लाज मला अजून वाटते. बाळाची कधीच वाटली नाही.

व्हर्डेलचं पाप म्हणजे एक रेकॉर्ड. इस्पितळाच्या लाँड्रीत वीस वर्षं चादरी धुतलेल्या या बाईनं सेहेचाळिसाव्या वर्षी चर्चबाहेरची, सोल संगीतातली आठ गाणी गायली. रेकॉर्ड कंपनीनं त्यांना डिस्कोचा ठेका लावला आणि कव्हरवर तिचा उघडा खांदा छापला. त्या एका खांद्यानं अख्ख्या मंडळीची झोप उडाली.

तीन महिने ती मागच्या बाकावर होती. क्वायरशिवाय तिचा जीव कासावीस होतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून ती उठली तेव्हा वाटलं, संपलं, हीसुद्धा माझ्यासारखीच वाकणार.

“पाळकसाहेब, रेकॉर्ड ऐकलीत तुम्ही?”

“असलं मी ऐकत नाही.”

“मग माफी कशाची मागू?”

“सैतानाच्या ठेक्यावर गायलीस की, मेले!” पहिल्या बाकावरून मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, म्हणून सगळ्यांच्याच ‘मदर’, गेन्स कडाडल्या.

“ठेका कंपनीचा, मदर. आवाज तुम्हीच शिकवलेला.”

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांनी सूर मऊ केला. “अहो, खपली तरी का ती? कुत्रं विचारत नाही तिला. मग हट्ट कशाला?”

“नाही खपली. पण त्याहून चांगलं मी जन्मात गायले नव्हते. त्याला ‘चुकले’ म्हणणार नाही.” आणि ती खाली बसली.

पाळकांनी घाईघाईनं आम्हा क्वायरमधल्या बायकांना गायची खूण केली. व्हर्डेलच्या जागी त्यांची भाची पुढे झाली आणि भीत भीत सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला मागच्या बाकावरून व्हर्डेलनं सूर लावला, बसल्या बसल्याच. मी भाचीचा सूर सोडून सरळ व्हर्डेलच्या सुरामागे गेले. एकेक करून बाकीच्याही आल्या.

दारावर उभे राहून शिस्त राखणारे टॉलिव्हर पांढरे हातमोजे सावरत तिला बाहेर न्यायला तिच्यापाशी गेले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. व्हर्डेल गाता गाता जराशी सरकली, त्यांना बसायला जागा करून दिली आणि दुसरं कडवं उचललं.